डांबर फासलेलं छप्पर

शेडचं फाटक अजून बरंच लांब होतं, तेव्हाच आकांक्षाला वास आला. आधी अमोनियाचा, डोळे चुरचुरवणारा. तो येणार हे तिला माहीत होतं. पण त्याच्याखाली दुसरा एक गोडसर, जड वास होता आणि तो तिच्या डोक्याआधी पोटाला कळला. तिनं ओढणी नाकावर घट्ट धरली.

"सवय नाई तुले," किशोरभाऊजी हसले. "आमाले आता जेवतानीबी वास येत नाई."

किशोर म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा, माधवीचा नवरा. बोरगाव मंजूच्या पुढे, अकोल्याच्या वाटेवर हायवेपासून आत त्यांचं शेत होतं आणि शेतात ब्रॉयलर कोंबड्यांच्या दोन शेडी. कंपनी पिल्लं आणि खाद्य द्यायची, वाढलेले पक्षी परत न्यायची. मे महिना लागला आणि मोठ्या शेडमधले पक्षी दुपारी ढिगानं मरायला लागले. धाकट्या शेडमध्ये मात्र फारसं काही नव्हतं. कंपनीचा सुपरवायझर येऊन थर्मामीटर पाहून गेला. हवा अडतीस. मागच्या उन्हाळ्यातही एवढीच होती आणि तेव्हा काही झालं नव्हतं. म्हणजे देखभालीतच खोट आहे, असं तो म्हणाला. देखभाल सत्यभामाबाई करायची. शेडला लागून असलेल्या खोलीत ती आणि तिचा नवरा राहायचे. मग दोष कुणाचा, हे किशोरनं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

आकांक्षा अमरावतीला एका इंजिनिअरिंग कॉलेजात हीट ट्रान्सफर शिकवायची. माधवीनं तिला फोन केला होता. "ते बाई दुपारची झोपते. फॉगर सुरू करत नाई. याईचं डोक्सं फिरलं हाये पार. तू उष्णतेचंच शिकवतं नं, मंग एकदा येऊन पाहून घे. मोठे पंखे लावा लागतात का काय, ते सांग."

म्हणून रविवारी ती आली होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेतली, लांबून तापमान मोजणारी बंदूक पर्समध्ये घालून.

आत गेल्या गेल्या दाराशीच मेलेल्या कोंबड्या पडल्या होत्या. एक नाही, दोन ढीग होते. एका ढिगातल्या फुगलेल्या, पोटाशी हिरवट झालेल्या, माशांनी भरलेल्या. दुसऱ्या ढिगातल्या तशा बऱ्या दिसत होत्या, नुसत्या चोची उघड्या आणि माना लोंबत्या. सत्यभामाबाई जमिनीवर पसरलेल्या तुसावरून वाकून चालत होती आणि पायांना धरून एकेक पक्षी उचलत होती. दोन्ही हातांत पक्ष्यांचे घोस लटकत होते.

"पाह्य, पाह्य तिच्याकडं," किशोर तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "जित्या असतानी पाहत नाई. मेल्यावर बराबर उचलते."

सत्यभामाबाई सरळ उभी राहिली. पन्नाशीची, काटकुळी बाई. "मालक, फॉगर सकाळपासून सुरूच हायेत नं. टाकी मीच भरतो. तुमी पाहता तरी काय?"

"तोंड चालवू नको. हो तिकडं."

ती ढिगाकडे गेली. हातातले पक्षी तिनं एकेक चाचपून पाहिले, काही एका ढिगावर टाकले, काही दुसऱ्यावर. हे असं का, ते आकांक्षाला समजलं नाही, आणि तिकडे पाहवतही नव्हतं.

ती आत शिरली. फॉगरचे बारीक फवारे उडत होते. बाजूच्या जाळ्यांवर ओली पोती टांगलेली होती, पंखे घरघरत होते. खांबावर लाकडी फळीच्या आडोशाला थर्मामीटर होता. खरंच अडतीस. हवा दमट होती, पण असह्य नव्हती. तरीही दोन मिनिटांत तिच्या टाळूला आणि खांद्यांना असं वाटायला लागलं, की कुणी तापलेली इस्त्री वर धरून उभं आहे. पाय गार आणि डोकं भाजतंय. शेजारी खाद्याच्या पोत्यावर पुठ्ठा पडला होता. तो उचलून तिनं डोक्यावर धरला. भाजणं त्या क्षणी थांबलं. पुठ्ठा काढला. पुन्हा सुरू.

तिनं वर पाहिलं. छप्पर आतल्या बाजूनं कुळकुळीत काळं होतं.

"भाऊजी, हे काळं काय लावलं?"

"डांबर!" किशोरच्या आवाजात अभिमान होता. "खालून अमोनिया लागते, टिन सडते. दोन वर्षांत भोकं पडतात. कोणाच्या डोक्यात नाई आलं, मी केलं. दिवाळीच्या मागं-पुढं मारलं. त्या आखरीच्या कोपऱ्यात डांबर संपलं, तेवढे टिन राह्यले. धाकट्या शेडचं पुढच्या वर्षी करतो."

आकांक्षा त्या कोपऱ्याकडे पाहत राहिली. शेड इतकी लांबलचक, पण सगळे जिवंत पक्षी त्या टोकाला. एकमेकांच्या अंगावर चढलेले, पंख पसरून, चोची उघडून धापा टाकणारे. शेडचा मधला भाग जवळजवळ मोकळा होता. तिथे फक्त मेलेले होते.

"ते सगळे तिथं काहून गेले?"

"ते बाई तिकडंच दाणा टाकते, आळशी हाये म्हून. गर्दी होते, गुदमरून मरतात."

दाण्याची भांडी मात्र सगळ्या शेडभर सारख्या अंतरावर होती, आणि भरलेली होती.

आकांक्षानं पर्समधून बंदूक काढली. काळ्या टिनावर धरली. अडुसष्ट. मग कोपऱ्यातल्या चकचकीत टिनावर धरली. सेहेचाळीस.

"पाह्यलं?" किशोर म्हणाला. "त्या कोपऱ्यात टिन थंडा हाये. झाडाची सावली पडत असन."

"तिकडं झाड नाई, भाऊजी."

तिनं शिडी मागवली. वायरमनची काळी चिकटपट्टी किशोरच्या मोटारसायकलच्या डिक्कीत निघाली. कोपऱ्यात शिडी लावून तिनं चकचकीत टिनावर पट्टीचा वीतभर तुकडा दाबून चिकटवला. टिनाला लागलेलं बोट तिनं झटकन मागे घेतलं. खालचे पक्षी शिडीच्या पायाशी कलकलत होते. ती खाली उतरताच एक तिच्या चपलेवर येऊन बसला आणि उठेचना. जरा वेळानं तिनं बंदूक पट्टीवर रोखली आणि आकडा किशोरला दाखवला. सदुसष्ट.

"हे कसं काय?" तो म्हणाला.

"टिन सगळा सारखाच तापलेला हाये. उन्हात हाये, तापनच. पण चकचकीत टिन आपली उष्णता खाली कमी फेकतो, म्हून बंदूक फसते. तिले वाटते थंडा हाये. पट्टी काळी, थे सगळी फेकते, म्हून खरा आकडा आला. तुमचं डांबरबी तसंच. तापलेल्या टिनाची आग थे सगळी खाली ओतून राह्यलं."

"पण हवा तर अडतीसच हाये!"

"हवेचं माप वेगळं हाये, भाऊजी. हे जे वरून येते, थे हवेले विचारत नाई. हवेतून आरपार येते अन् अंगावर पडते. शेकोटीसमोर बसलं का तोंड भाजते अन् पाठ गार राह्यते, तसं. एका चौरस मीटरवर दर सेकंदाले अशी किती उष्णता येऊन पडते, त्याले फ्लक्स म्हणतात. थर्मामीटरले थे दिसत नाई. हा थर्मामीटर तर फळीखाली हाये, त्याच्यावर काहीच पडत नाई."

ती मोबाईलवर हिशोब करायला लागली. तापलेली वस्तू किती उष्णता फेकते ते काढायचं तर तापमान केल्व्हिनमध्ये, त्याचा चौथा घात. विद्यार्थ्यांना हा चौथा घात नेहमी नुसता परीक्षेपुरता वाटायचा. इथं त्यानं मारलेले पक्षी समोर पडलेले होते.

"काळ्या टिनाखाली, पक्षी स्वतः जितकी बाहेर फेकतो, त्याच्याहून अडीचशे वॅट जास्त येऊन राह्यले, चौरस मीटरमागं. इथं कोपऱ्यात साठ-पासष्ट. कोंबडीले घाम येत नाई. थे धापा टाकून अंग थंडं करते. अडीचशेपुढं तिचं काय चालन? म्हून जिथं कमी आग हाये तिथं सगळ्या पळाल्या. त्याईले कोणी बलावलं नाई." तिनं मोबाईल खिशात टाकला. "सत्यभामाबाईचा यात कायबी दोष नाई."

किशोर मठ्ठ नव्हता. कृषी महाविद्यालयात शिकलेला माणूस. सगळं त्याच्या लगेच लक्षात आलं आहे, हे त्याच्या डोळ्यांत दिसलं. त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि मग मान वळवून सत्यभामाबाई कुठे आहे ते पाहिलं.

"हळू बोल नं," तो म्हणाला.

"काहून?"

"गावात सगळ्याईले सांगून बसलो नं मी. सरपंचासमोर बोललो, का हिनं मारल्या म्हून. महिनाअखेर खोली खाली कर म्हून सांगतलं तिले. आता मीच डांबर लावून मारल्या म्हणू काय?"

"मंग काय म्हणणार?"

"काई नाई म्हणायचं. उपाय सांग. तेवढं सांग."

आकांक्षानं उपाय सांगितला. टिनाला वरून पांढराशुभ्र चुना मारायचा, म्हणजे ऊन परत फिरेल. आतून, डांबर झाकेल असा चांदीसारखा चकचकीत कागद ताणायचा, म्हणजे जे तापेल तेही खाली येणार नाही. एका बाईला खोटं ठरवून घराबाहेर काढणारा माणूस समोर उभा राहून चुन्याला कुठला ब्रश लागतो ते विचारत होता.

ऊन उतरलं तेव्हा ती शेडमागच्या नळावर हात धूत होती. साबण तीनदा लावला तरी वास जात नव्हता. तेवढ्यात मालवाहतुकीची एक छोटी गाडी फाटकातून आत आली आणि दाराशी उलटी लागली. दोघं उतरले. त्यांनी प्लॅस्टिकचे कॅरेट खाली काढले आणि मेलेल्या कोंबड्या भरायला सुरुवात केली. फक्त दुसऱ्या ढिगातल्या. फुगलेल्यांना त्यांनी हात लावला नाही. किशोर बाजूला उभा राहून पाहत होता. सत्यभामाबाई कॅरेटवर बर्फाचा चुरा टाकत होती.

आकांक्षा ओल्या हातांनी तशीच तिथं गेली. "हे कुठं चाललं?"

"ढाब्यावर," किशोर सहज म्हणाला.

"ढाब्यावर? मेलेल्या?"

"आजच्याच हायेत. कालच्या थोडीच देऊन राह्यलो? त्या खड्ड्यात जातात." मग त्याचा चेहरा उजळला. काहीतरी सुचल्यासारखं त्यानं त्या दोघांमधल्या जाड माणसाला, ढाब्याच्या मालकाला, हाक मारली. "ओ शेठ, इकडं या. तुमी परवा म्हणत होते नं, रोग-गिग तर नाई? ह्या पाह्या. आमच्या साळीबाई. इंजिनिअरिंग कॉलेजात प्रोफेसर हायेत. त्याईनं मशीन लावून तपासलं आज. रोग नाई. गरमीनं मेल्या. छपरातून फ्लक्स येते, त्याच्यानं. एकदम सायन्सनं सिद्ध झालेलं हाये."

जाड माणसानं हातातली कोंबडी कॅरेटमध्ये टाकली, पँटीला हात पुसले आणि अदबीनं हात जोडले. "नमस्कार, मॅडम. बरं झालं. लोकं विचारतात हो. आता टेन्शन नाई."

आकांक्षा भिंतीशी जाऊन ओकली. सकाळचा चहा, पोहे, मग नुसतं पिवळं पाणी. मागे किशोर म्हणत होता, "सवय नाई त्याईले. शहरात राह्यतात." आणि जाड माणूस हसत होता. आपण चौथ्या घातापर्यंत जाऊन जे शोधून काढलं, त्याचा किशोरनं काही तासांत मसाला करून टाकला, असं तिला वाटलं. कुणाच्या तरी ताटात ते आता आपल्या नावानं जाणार होतं.

तोंड धुऊन ती सरळ गाडीसमोर गेली आणि मोबाईलवर फोटो काढले. कॅरेटचे, गाडीच्या नंबराचे.

"हे काय करून राह्यली?" किशोरचा आवाज बदलला.

"गाडी जाऊ देऊ नका, भाऊजी. ह्या खड्ड्यात टाका. मी आत्ताच सांगतो तुमाले."

"खरं हाये नं पण तुझं? उन्हानंच मेल्या नं? मंग खायले काय हरकत हाये? तूच सांग."

ज्याला हे सांगावं लागतं त्याला काय सांगणार. गाडी गेली.

घरी माधवीनं स्वयंपाक केला होता. आकांक्षानं चपला काढल्या नाहीत. ओट्याशी उभी राहून तिनं विचारलं, "ताई, तुले माईत हाये? मेलेल्या कोंबड्या ढाब्यावर जातात थे?"

माधवी पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "आपण थोडीच तिथं खातो?" ती म्हणाली. "आपल्याकडं गावरान येते, गावातून. याईचं कितलं नुकसान होऊन राह्यलं, तुले काय समजते? तुझा पगार एक तारखेले जमा होते."

शेडमधला वास, तो हिरवट ढीग, जाड माणसाचे जोडलेले हात, यातलं काहीच इतकं घाण नव्हतं. लहानपणी आकांक्षाला ताप आला की हीच बहीण रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसायची. तेच हात आता पोळी तव्यावर टाकत होते, आणि पोळी छान फुगली.

"मी जातो, ताई."

"जेवून जा."

"नाई."

निघण्याआधी ती शेडशेजारच्या खोलीकडे गेली. सत्यभामाबाई आणि तिचा नवरा बाहेर बसले होते, शेजारच्या वावरातले दोन गडीही होते. आकांक्षानं मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पक्षी डांबरामुळे मेले. डांबर मालकांनी लावलं. बाईनं पाणी, फॉगर, दाणा, सगळं बरोबर केलं. मी तपासलं, आणि मी हे कुणालाही सांगायला तयार आहे.

सत्यभामाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मले माईतच होतं का मी झोपत नाई म्हून," ती म्हणाली. "पण बाई, त्या कोंबड्या मीच निवडतो. गरम असन थे इकडं, थंडी असन थे तिकडं. मालक म्हणते तसं करतो. माह्या हाताले किळस येते. रात्री भाकर मोडवत नाई. थेबी सांगसान का तुमी?"

"सांगीन. तुमी सांगसान का?"

बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. "सांगीन," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी आकांक्षा अमरावतीला गेली नाही. अकोल्याला मैत्रिणीकडे मुक्काम केला आणि सोमवारी सकाळी अन्न खात्याच्या ऑफिसात जाऊन लेखी तक्रार दिली. फोटो दाखवले. साहेबांनी तिला पाणी दिलं आणि नातं काय म्हणून विचारलं. "माझे भाऊजी आहेत," ती म्हणाली. साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तक्रारीवर शिक्का मारला. दोन दिवसांनी गाडी हायवेवर भरलेली सापडली.

मग व्हायचं ते झालं. कंपनीनं किशोरला पिल्लं देणं बंद केलं, त्याच्यावर आणि ढाबेवाल्यावर केस झाली. जाड माणसानं जबाबात सांगितलं की एका प्रोफेसर मॅडमनं माल तपासून दिला होता. एका स्थानिक बातमीत तेवढंच छापून आलं. नाव नव्हतं, पण कॉलेजात सगळ्यांना कळलं. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. तिनं तक्रारीची प्रत पुढे ठेवली तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे, मॅडम. पण आपण अशा ठिकाणी जायचंच कशाला?" स्टाफरूममध्ये एकानं हसत हसत विचारलं, तंदुरीला किती फ्लक्स लागतो. ती उठून बाहेर गेली.

आई आठवडाभर बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "कोंबड्यांसाठी बहिणीचं घर उसवलं तू."

"कोंबड्यांसाठी नाही, आई. लोक खात होते."

"कोणते लोक? तुझ्या ओळखीचे होते का?"

सत्यभामाबाईनं जबाब दिला. खरं तेच दिलं. खोली मात्र गेलीच. आता ती नवऱ्याबरोबर परतवाड्याला भावाकडे राहते आणि एका नर्सरीत रोपांना पाणी घालते. आकांक्षा तिला भेटायला गेली तेव्हा तिनं तक्रार केली नाही, आभारही मानले नाहीत. चहा दिला. "गावातल्या बाया आता म्हणतात, सत्यभामानं नव्हत्या मारल्या. तुमी सांगतलं म्हून. पण मी तिथं नाई नं ऐकायले," ती म्हणाली.

पोळ्याला माधवी माहेरी आली. आकांक्षा ताट वाढून घेत होती तेव्हा ती स्वयंपाकघरात आली आणि फ्रिजला टेकून उभी राहिली.

"दुसऱ्या कंपनीची पिल्लं आणली याईनं," ती म्हणाली. "वरून चुना मारला, आतून चांदी कागद लावला. आताच्या उकाड्यातबी एक मरत नाई. लोकं पाह्यले येतात, अकोल्याहून. हे सांगतात सगळ्याईले, फ्लक्स कसा राह्यते थे. मस्त समजावून सांगतात."

आकांक्षानं तिच्याकडे पाहिलं. माधवीच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, रागही नव्हता. नवऱ्याचं कौतुक होतं.

"अन् सत्यभामाबाईचं काय सांगतात?"

"तिचं काय सांगायचं? गेली नं ते." माधवीनं डब्यातून पुरणपोळी काढून आकांक्षाच्या ताटात वाढली आणि वर तूप सोडलं. "घे. वाळली पार तू."

आकांक्षानं ताट ओट्यावर ठेवलं, मागच्या दारी गेली आणि दगडी पायरीवर बसली. कोरडी उबळ दोनदा आली. आत माधवी आईला विचारत होती, हिले काय झालं म्हून.